लॅपटॉपवर वायफाय मंद चालते तेव्हा दोष नेमका कुठे आहे हे कसे शोधावे

घरात शंभर एमबीपीएसची फायबर जोडणी आहे, हॉलमध्ये टीव्हीवर चित्रपट अडखळत नाही, आणि तरीही आतल्या खोलीत लॅपटॉप उघडला की ऑफिसची व्हिडिओ बैठक मध्येच गोठते, अशी तक्रार आता घरोघरी ऐकू येते. बहुतेक ठिकाणी तिच्यावरचा इलाज राउटर बंद-चालू करण्यापासून सुरू होतो आणि जास्त वेगाची महाग योजना घेण्यापाशी येऊन थांबतो. या दोन टोकांच्या मध्ये जी तपासणी व्हायला हवी ती होत नाही, त्यामुळे दरमहा पैसे जास्त जातात आणि मंदपणा होता तसाच राहतो.

लॅपटॉपपर्यंत इंटरनेट तीन टप्प्यांनी येते. पहिला टप्पा सेवा देणाऱ्या कंपनीपासून घरात भिंतीवर लावलेल्या फायबरच्या डब्यापर्यंतचा, ज्याला ओएनटी म्हणतात आणि ज्याच्यातच हल्ली राउटरही बसवलेला असतो. दुसरा टप्पा त्या राउटरपासून हवेतून लॅपटॉपपर्यंतचा, आणि तिसरा लॅपटॉपच्या आतला, म्हणजे वायफाय कार्डापासून ब्राउझरपर्यंतचा. यांपैकी कोणता टप्पा मंद आहे हे ठरवल्याशिवाय एकही सेटिंग बदलू नये. चार गोष्टी एकदम बदलल्या की वेग सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळत नाही, आणि बिघडला तर पूर्वस्थितीला कसे यायचे तेही कळत नाही. पुढील सूचना विंडोज ११ गृहीत धरून दिल्या आहेत. मॅकमध्ये जिथे मार्ग वेगळा आहे तिथे तसे सांगितले आहे.

मोजण्यापूर्वी एककाचा घोळ दूर करावा. योजनेतला वेग मेगाबिटमध्ये सांगितलेला असतो आणि फाइल उतरवताना ब्राउझर बहुधा मेगाबाइटमध्ये वेग दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट या वेगाने उतरते. ब्राउझरमध्ये ११ किंवा १२ हा आकडा दिसला तर जोडणी पूर्ण वेगाने चालली आहे असे समजावे. तसेच लागणारा वेग आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. उत्तम प्रतीच्या व्हिडिओ बैठकीला जाताना आणि येताना तीन-चार एमबीपीएस पुरतात, आणि नेटफ्लिक्स आपल्या ४के चित्रपटांसाठी १५ एमबीपीएसची शिफारस करते. बैठक तुटते तेव्हा दोष बहुधा वेगाच्या आकड्यात नसून जोडणीच्या अस्थिरपणात असतो, आणि तीनशे एमबीपीएसची योजना घेऊन तो जात नाही.

तीन जागी मोजणी

पहिली मोजणी तारेने करावी. राउटरच्या लॅन पोर्टमधून लॅपटॉपला केबल जोडावी, वायफाय बंद करावे, ऑफिसच्या नेटवर्कशी जोडून देणारे व्हीपीएन सुरू असल्यास तोडावे, आणि स्पीडटेस्ट किंवा फास्ट डॉट कॉम यांवर दोन-तीन वेळा वेग मोजावा. हल्लीच्या पातळ लॅपटॉपना लॅन पोर्ट नसते. त्यांच्यासाठी यूएसबीला जोडायचा लॅन अडॅप्टर मिळतो, आणि तो घेताना गिगाबिटचा, म्हणजे हजार एमबीपीएसचा आहे याची खात्री करावी. तारेवरचा आकडा नेमका ९४-९५ च्या आसपास अडकत असेल आणि योजना मात्र दोनशे किंवा तीनशेची असेल, तर कंपनीला दोष देण्याआधी केबल पाहावी. शंभर एमबीपीएसच्या लॅन पोर्टमधून प्रत्यक्षात तेवढाच वेग मिळतो, आणि केबलमधल्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असेल तर गिगाबिटचे पोर्टसुद्धा मुकाट्याने शंभरवर उतरते.

दुसरी मोजणी केबल काढून, वायफायवर, राउटरपासून दोन-तीन मीटर अंतरावर, मध्ये भिंत नसताना करावी. तिसरी मोजणी ज्या जागी रोज काम करतो त्या जागी, रोजच्याच पद्धतीने बसून करावी. तिन्ही आकडे कागदावर लिहून ठेवावेत आणि प्रत्येक जागी मोबाइलवरही एकदा मोजून तो आकडा शेजारी लिहावा.

या आकड्यांचे वाचन सोपे आहे. तारेवरच वेग कमी असेल तर दोष पहिल्या टप्प्यात आहे आणि लॅपटॉपमध्ये काहीही बदलून उपयोग नाही. तारेवर पूर्ण वेग, राउटरजवळ वायफायवरही जवळजवळ तेवढाच, पण कामाच्या जागी तो पाचवा हिस्सा, असे असेल तर प्रश्न अंतराचा आणि भिंतींचा आहे. राउटरच्या शेजारी बसूनही लॅपटॉप रखडतो आणि तिथेच मोबाइलला पूर्ण वेग मिळतो, तर दोष लॅपटॉपचा आहे हे जवळपास निश्चित समजावे.

वेगासोबत स्थैर्यही पाहावे. कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की डिफॉल्ट गेटवे या नावापुढे राउटरचा पत्ता दिसतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो, जिओफायबरच्या डब्यांवर १९२.१६८.२९.१ असतो. मग पिंग हा शब्द, मोकळी जागा, तो पत्ता, पुन्हा मोकळी जागा, आणि वजाचे चिन्ह जोडून टी हे अक्षर टाइप करून एंटर दाबावे, म्हणजे लॅपटॉप दर सेकंदाला राउटरला हाक मारतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते एकाखाली एक लिहीत जातो. निरोगी वायफायवर हा आकडा दोन, तीन, पाच असा राहतो. तो मध्येच दीडशे, चारशे असा उसळत असेल किंवा रिक्वेस्ट टाइम्ड आउट असे शब्द येत असतील, तर बिघाड घरातल्या हवेतच आहे. कारण ही हाक घराबाहेर गेलेलीच नाही. ही आज्ञा दोन-तीन मिनिटे चालू ठेवून नंतर कंट्रोल आणि सी एकत्र दाबून थांबवावी. मॅकमध्ये टर्मिनल उघडून वजाचे चिन्ह आणि टी न लावता हीच आज्ञा द्यावी.

लिंक स्पीड काय सांगते

विंडोजमध्ये सेटिंग्ज, त्यात नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात वायफाय, आणि त्यात जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडल्या की बँड (म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा), चॅनेल (त्या पट्ट्यातली एक वाट) आणि लिंक स्पीड या गोष्टी दिसतात. मॅकमध्ये ऑप्शनची कळ दाबून धरून वरच्या पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केले की हीच माहिती मिळते, शिवाय आरएसएसआय या नावाने सिग्नलची ताकद उणे आकड्यात दिसते. ती उणे ५० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ६७ पर्यंत बैठकीला पुरेशी, आणि उणे ८० झाली तर नाव जोडलेले दिसूनही काम होत नाही.

लिंक स्पीड म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांनी आपसात ठरवलेला वेग. प्रत्यक्ष हाती त्याच्या निम्मा किंवा थोडा अधिक येतो, कारण हवेत एका वेळी एकालाच बोलता येते आणि बराच वेळ पाळी ठरवण्यातच जातो. हा आकडा ७२ असेल तर लॅपटॉप २.४ गीगाहर्ट्झवर एकाच अँटेनाने जोडलेला आहे, आणि मग योजना कितीही एमबीपीएसची असली तरी चाळीस-पन्नासच्या वर काही मिळणार नाही. १४४ म्हणजे तोच बँड पण दोन अँटेना. ४३३ म्हणजे ५ गीगाहर्ट्झ आणि एक अँटेना, ८६६ म्हणजे दोन अँटेना, आणि १२०१ म्हणजे दोन अँटेनांसह वायफाय ६. यांतला आपला आकडा कोणता आहे हे पाहिले की अर्धे निदान तिथेच होते.

एक आकडा विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे, तो म्हणजे ५४. नवा लॅपटॉप आणि बऱ्यापैकी राउटर असूनही लिंक स्पीड ५४ च्या वर जात नसेल, तर राउटरमधली सुरक्षेची पद्धत तपासावी. तिथे डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडलेली असेल, तर वायफायचे २००९ नंतरचे वेगवान प्रकार नियमानेच वापरता येत नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि एईएस, किंवा डब्ल्यूपीए३, हा पर्याय निवडला की हा अडथळा दूर होतो.

दोन बँड, एक नाव

राउटर दोन बँडवर बोलतो. २.४ गीगाहर्ट्झचा सिग्नल लांब जातो आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण त्याची जागा अरुंद आहे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सगळे राउटर, ब्लूटूथचे हेडफोन, बिनतारी माउस हे सगळे तिथेच गर्दी करतात. ५ गीगाहर्ट्झवर जागा मुबलक आहे, विशेषतः भारतात २०१८ साली या बँडचा मोठा पट्टा परवान्याशिवाय वापरण्यास खुला झाल्यापासून, परंतु दोन भिंती पार करताना त्याचा जीव निघून जातो. या बँडचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काहीही संबंध नाही, तरी राउटरच्या नावापुढे ५जी असे लिहिलेले असल्यामुळे हा गैरसमज होतो.

बहुतेक राउटर दोन्ही बँडना एकच नाव देतात आणि कोणत्या बँडवर जायचे हे लॅपटॉपवर सोडतात. लॅपटॉप सकाळी बेडरूममध्ये सुरू झाला, २.४ वर जोडला गेला, आणि नंतर हॉलमध्ये राउटरसमोर आणून ठेवला तरी तिथेच चिकटून राहिला, हा प्रकार फार सामान्य आहे. राउटरच्या पानावर जाऊन दोन्ही बँडना वेगवेगळी नावे द्यावीत आणि लॅपटॉपवर फक्त ५ गीगाहर्ट्झचे नाव लक्षात ठेवून दुसरे विसरायला लावावे. हे पान उघडण्यासाठी मघाचाच गेटवेचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकायचा असतो, आणि त्याचा पासवर्ड बहुधा डब्याच्या खालच्या लेबलवर छापलेला असतो. नाव वेगळे करता येत नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या ॲडव्हान्स्ड पानावर प्रिफर्ड बँड हा पर्याय पाहावा. इंटेलच्या कार्डांत तो असतो आणि तिथे ५ गीगाहर्ट्झला पसंती देता येते.

मात्र हा उपाय डोळे झाकून करू नये. कामाची खोली राउटरपासून तीन भिंतींपलीकडे असेल तर तिथे २.४ च अधिक स्थिर चालेल. दोन्हींवर मोजून जो बरा तो ठेवावा.

५ गीगाहर्ट्झचे नाव मोबाइलला दिसते आणि लॅपटॉपच्या यादीत येतच नाही, असे झाले तर दोन शक्यता आहेत. स्वस्त लॅपटॉपमध्ये फक्त २.४ चे कार्ड बसवलेले असते, किंवा राउटरने निवडलेले चॅनेल त्या कार्डाला चालत नाही. ५२ ते १४४ ही मधली चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला ती सोडावी लागतात, आणि काही कार्डे तिकडे फिरकतच नाहीत. चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी ठरवून दिले की हा प्रश्न सहसा मिटतो.

२.४ वरच राहावे लागत असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ हेच घ्यावे आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. अँड्रॉइड मोबाइलवर वायफाय ॲनालायझर प्रकारचे ॲप घेतले की आसपासचे राउटर कुठे बसले आहेत ते दिसते. ठाण्या-पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर उभे राहून हे ॲप उघडले तर वीस-पंचवीस नावे सहज दिसतात आणि त्यातली निम्मी एकाच चॅनेलवर असतात. अशा वेळी सहावर गर्दी आहे म्हणून चारवर जाण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. चॅनेल केवळ ५ मेगाहर्ट्झच्या अंतराने आखलेली आहेत आणि सिग्नल २० मेगाहर्ट्झ जागा घेतो, म्हणून चारवरचा राउटर सहावाल्यांवर आणि एकवाल्यांवरही पसरतो. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांना ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट पसरलेल्यांना एकमेकांचे बोलणे नुसता गोंगाट म्हणून ऐकू येते.

त्यातही एखादे जुने उपकरण घरात असेल तर ते सगळ्यांना मागे ओढते. पंगतीत एक जण सावकाश जेवत असला की सगळ्यांचे उठणे लांबते, तसे संथ गतीने बोलणारा दहा वर्षांपूर्वीचा टॅब किंवा दूरच्या गच्चीवरचा सीसीटीव्ही कॅमेरा हवेतला वेळ खातो आणि जलद लॅपटॉपला वाट पाहायला लावतो. अशी उपकरणे २.४ वर ठेवून लॅपटॉप ५ वर न्यावा.

राउटरची जागा

फायबर बसवायला आलेला माणूस दाराजवळ जिथे वायर आत येते तिथेच डबा ठोकून जातो, आणि मग घरातली माणसे तो दिसायला बरा नाही म्हणून टीव्हीच्या मागे, फर्निचरच्या कप्प्यात किंवा माळ्यावर सरकवतात. टीव्हीच्या मागची जागा सगळ्यात वाईट, कारण मोठ्या पडद्याची धातूची पाठ समोरचा सगळा सिग्नल अडवते. गोदरेजचे कपाट, आरसा, पाण्याची टाकी आणि माशांचे ॲक्वेरियम यांचाही परिणाम तसाच होतो. कोकणातल्या घरांच्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या किंवा जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींतून ५ गीगाहर्ट्झ जवळजवळ जात नाही, आणि बंगल्यात वरच्या मजल्यावर सिग्नल पोहोचवताना स्लॅबमधल्या सळ्या आड येतात. डबा उघड्यावर, डोक्याएवढ्या उंचीवर, शक्य तितका घराच्या मध्याकडे आणि बेडरूमच्या दाराच्या रेषेत आणावा. फायबरची तार जरा जास्त ठेवून घेतली असेल तर हे काम अर्ध्या तासाचे आहे, मात्र ती तार काटकोनात दुमडू नये. आतली काच तुटली किंवा फार वाकली की प्रकाश गळतो आणि नवाच दोष उभा राहतो.

स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह २.४५ गीगाहर्ट्झवर चालतो, म्हणून जेवण गरम करताना तेवढी दोन मिनिटे वायफाय दगा देते. आणखी एक कारण मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. लॅपटॉपच्या बाजूला लावलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब २.४ गीगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट सोडते; इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केले होते. डिस्क काढल्याबरोबर वेग सुधारतो का ते पाहावे, आणि सुधारत असेल तर ती लांब केबलने दूर ठेवावी किंवा ५ गीगाहर्ट्झवर जावे.

लॅपटॉपच्या आत

राउटरशेजारी बसूनही लॅपटॉपच मंद असेल, तर पहिली चाचणी चार्जर लावण्याची आहे. चार्जर लावल्याबरोबर वेग वाढत असेल तर बॅटरी वाचवण्यासाठी विंडोज वायफाय कार्डाला झोपवत आहे. पॉवर मोड बदलावा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण दिसत असेल तर ती काढावी.

नंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि नेटवर्कच्या स्तंभावर क्लिक करून सगळ्यात जास्त खाणारा कोण ते पाहावे. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्ह लग्नाचे फोटो वर चढवत असते, एखादा गेम स्वतःला अद्ययावत करत असतो, आणि विंडोज अपडेटच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये इतरांशी देवाणघेवाण चालू असेल तर आपला लॅपटॉप दुसऱ्यांना अपडेट पुरवत असतो. यातले वर चढणे जास्त त्रासदायक असते. वर जाणारी वाट तुडुंब भरली की राउटरमध्ये रांग लागते, आणि बैठकीतले आपले छोटे छोटे तुकडे त्या रांगेत मागे उभे राहतात. स्पीडटेस्टचा आकडा छान दिसतो पण आवाज तुटतो. खात्री करायची असेल तर फोटो चढत असताना ८.८.८.८ या घराबाहेरच्या, गुगलच्या पत्त्यावर पिंग चालू ठेवावे, आणि चढणे थांबवल्यावर आकडा दोनशे-तीनशेवरून वीस-तीसवर उतरतो का ते बघावे. उतरत असेल तर त्या सेवेच्या सेटिंगमध्ये चढण्याच्या वेगाला मर्यादा घालावी.

सगळे काही ठीक असून फक्त ब्राउझरच मंद असेल तर इनकॉग्निटो खिडकीत तेच पान उघडून पाहावे. तिथे झटपट उघडले तर ब्राउझरला जोडलेले एखादे एक्स्टेंशन दोषी आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असताना सगळी वाहतूक कदाचित दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरला वळसा घालून येते; व्हीपीएन तोडून वेग पूर्ववत होत असेल तर घरचे वायफाय निर्दोष आहे आणि तक्रार ऑफिसच्या आयटी विभागाकडे करावी. डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ ठेवण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो. त्याने पान उघडायला सुरुवात लवकर होऊ शकते, फाइल उतरण्याचा वेग वाढत नाही, आणि माझ्या मते या उपायाला त्याच्या लायकीपेक्षा फार जास्त मान मिळाला आहे.

ड्रायव्हरच्या, म्हणजे वायफाय कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत जरा सबुरीने घ्यावे. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून तिथलाच वायफायचा ड्रायव्हर घ्यावा. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर बसवू नयेत. एखाद्या अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर नवा शोधण्यापेक्षा डिव्हाइस मॅनेजरमधल्या रोल बॅक ड्रायव्हर या बटणाने मागचा आणावा. नेटवर्क रिसेट हा शेवटचा उपाय आहे. त्यात साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएनच्या जोडण्या पुसल्या जातात, म्हणून त्या आधी लिहून ठेवाव्यात.

लॅपटॉपची बिजागरी किंवा पडदा नुकताच दुरुस्त करून आणला असेल आणि तेव्हापासून वायफाय मंद झाले असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नये. लॅपटॉपचे अँटेना बहुधा पडद्याच्या कडेला असतात आणि तिथून दोन बारीक तारा, बहुधा एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, बिजागरीतून खाली येऊन टपालतिकिटाएवढ्या वायफाय कार्डावर बसतात. त्यांच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढे गोल सोनेरी टोपण असते, आणि ते कार्डावरच्या खुंटीवर बरोबर मधोमध दाबले तरच टक आवाज करून बसते. दुरुस्ती करणाऱ्याने खालची पाठ लावताना एक टोपण नीट बसवले नाही, की राउटरजवळ सगळे ठीक दिसते, लिंक स्पीड ८६६ ऐवजी ४३३ येते आणि दुसऱ्या खोलीत गेले की सिग्नलच्या रेघा पटकन गळतात. वॉरंटी संपलेली असेल आणि स्क्रू उघडण्याची सवय असेल तर हे स्वतः पाहता येते. नाहीतर दुकानात जाऊन नेमके याच शब्दांत सांगावे, म्हणजे विंडोज पुन्हा टाकून देतो हा ठरलेला तोडगा ऐकावा लागत नाही.

कार्डच जुने किंवा एकाच अँटेनाचे असेल तर ते बदलता येते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते एम डॉट टू प्रकारच्या खाचेत स्क्रूने बसवलेले असते, काहींत मदरबोर्डवर डाखलेले असते, म्हणून विकत घेण्याआधी खात्री करावी. इंटेलचे एएक्स२०१ सारखी काही कार्डे फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्येच चालतात, एएक्स२१० मात्र एएमडीच्या लॅपटॉपमध्येही चालते. हे नको असेल तर ५ गीगाहर्ट्झचा यूएसबी अडॅप्टर हा सोपा आणि वाईट न म्हणता येणारा पर्याय आहे.

अंतरावर उपाय

प्रश्न अंतराचाच निघाला तर प्लगमध्ये खोचायचा रिपीटर घेण्याची घाई करू नये. तो तेच बोलणे एकदा ऐकतो आणि पुन्हा बोलतो, म्हणून एकाच बँडवर असेल तर वेग निम्मा होतो, आणि तो जर सिग्नल मुळातच कमजोर असलेल्या बेडरूममध्येच लावला तर कमजोर सिग्नलचीच नक्कल होते. लावायचाच असेल तर अर्ध्या वाटेवर लावावा. राउटरपासून कामाच्या खोलीपर्यंत लॅन केबल टाकून तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेने आलेले इंटरनेट फक्त वायफायवर देण्यासाठी, चालवणे हा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल शंभर मीटरपर्यंत गिगाबिटचा वेग देते. भिंत फोडायची नसेल तर हॉलमधून बेडरूममध्ये केबल टीव्हीची तार नेण्यासाठी घातलेला पाइप बहुतेक फ्लॅटमध्ये आता रिकामा किंवा निरुपयोगी पडलेला असतो, आणि इलेक्ट्रिशियन जुन्या तारेलाच नवी केबल बांधून ती ओढून घेऊ शकतो. मेश संच, म्हणजे एकच नेटवर्क मिळून पसरवणारे दोन-तीन डबे, घेतला तरी त्याचे डबे शक्य तिथे याच केबलने जोडावेत.

तारेवरच वेग नसेल तेव्हा

पहिली मोजणीच कमी आली असेल तर सकाळी लवकर आणि रात्री नऊच्या सुमारास, दोन्ही वेळा तारेवर मोजावे. सकाळी पूर्ण आणि रात्री निम्मा वेग येत असेल तर परिसरातली जोडणी अपुरी पडते आहे. दिवसभर सारखाच अगदी कमी वेग येत असेल तर आधी योजनेची मासिक मर्यादा संपली आहे का ते कंपनीच्या ॲपमध्ये पाहावे, कारण अमर्याद म्हणवणाऱ्या योजनांनाही ठरावीक जीबीनंतर वेग कमी करण्याची अट असते. ओएनटीवर एलओएसचा, म्हणजे फायबरमधून प्रकाश येत नसल्याचा दिवा लाल असेल तर तार बहुधा तुटलेली आहे. दिवा हिरवा असूनही जोडणी तुटत असेल तर डब्याच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, हा आकडा शोधावा. तो सहसा उणे १८ ते उणे २५ च्या दरम्यान असतो, आणि उणे २७ च्या खाली गेला तर तारेत कुठेतरी वाक, सैल जोड किंवा धूळ आहे.

तक्रार नोंदवताना वायफाय मंद आहे असे सांगू नये, कारण त्यावर राउटर बंद-चालू करा एवढेच उत्तर मिळते. केबल लावून, अमुक तारखेला, अमुक वाजता, इतका वेग आला आणि आरएक्स पॉवर इतकी दिसली असे सांगावे, आणि तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून घ्यावा. ठरलेल्या मुदतीत निवारण झाले नाही किंवा झालेले पटले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागता येते. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार अशी दोन पायऱ्यांची व्यवस्था ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. अपिलासोबत तारेवरच्या मोजण्यांचे स्क्रीनशॉट आणि तो डॉकेट क्रमांक जोडावा.